बेवारस तळटिपा

मराठी संशोधनविश्वातला सगळ्यात कष्टाळू लेखक कोण, या प्रश्नाला फार डोकं खाजवावं लागत नाही. लोकसाहित्यावरचा किंवा इतिहासावरचा एखादा जाडजूड प्रबंध घ्या आणि मागची संदर्भसूची काढा. ती अकारविल्हे लावलेली असेल तर हा गृहस्थ पहिल्या चार-पाच नोंदींतच हजर असतो. नाव, 'अज्ञात'. याच्या नावावर बखरी आहेत, आरत्या आहेत, शुक्रवारच्या कहाण्या आहेत, लग्नातली गाणी आहेत, पाळणे आहेत, समित्यांचे अहवाल आहेत आणि पतसंस्थेचं माहितीपत्रकही आहे. यादवकाळात लिहीत होता, गेल्या आठवड्यातही लिहीत होता. मानधन मागत नाही, मुद्रितं अडवून ठेवत नाही, परीक्षण झोंबलं म्हणून संपादकांना पत्र पाठवत नाही, संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी तर नावही पुढे करत नाही. इतका निरुपद्रवी लेखक मराठीत दुसरा झाला नाही, कारण मुळात हाही झालेला नाही. माझं म्हणणं एवढंच की, ज्या नोंदींपुढे आपण 'अज्ञात' लिहितो त्यातल्या पुष्कळ नोंदींचा कर्ता, किंवा निदान सांगणारा, कुणाला ना कुणाला पक्का ठाऊक होता. तो अज्ञात झाला तो टिपून घेणाऱ्याने न विचारल्यामुळे. म्हणजे ही माहिती लेखकाविषयीची नसून संशोधकाविषयीची असते, आणि तो ती बिचाऱ्या लेखकाच्या रकान्यात भरतो.

आता यावर पहिला आरोप परदेशी नियमपुस्तकांवर होईल. संदर्भ कसे द्यावेत हे आपण तिकडूनच आयात केलं, तेव्हा दोषही तिकडचाच. पण ती पुस्तकं उघडली तर आरोप टिकत नाही. विद्यार्थी ज्याला नुसतं 'एपीए' म्हणतात, त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमावलीची सातवी आवृत्ती २०१९ ची. तिचं सांगणं स्पष्ट आहे. लेखक नसेल तर शीर्षक उचलून लेखकाच्या जागी ठेवा. 'अज्ञात' असं लिहायचं ते फक्त मूळ कृतीवरच तशी सही असेल तेव्हा. साहित्याच्या विद्यार्थ्यांची एमएलए नियमावली, जिची नववी आवृत्ती २०२१ ची, तीही तेच म्हणते की शीर्षकापासून सुरुवात करा, मनाने कुणाला अज्ञात करू नका. तारीख नसेल तर 'दिनांक नाही' असं लिहा. शीर्षकही नसेल तर चौकटी कंसात वस्तूचं वर्णन करा. थोडक्यात, लेखक नाही, नाव नाही, साल नाही, तरी नियमपुस्तक हार मानत नाही. कंस उघडतं, कंस मिटतं आणि पुढे जातं. तेव्हा 'अज्ञात' हा आपला स्वदेशी उद्योग आहे. नियमपुस्तकाचा दोष असलाच तर वेगळा. लेखकाची खुर्ची रिकामी दिसली की ते शीर्षकाला तिथे बसवतं, पण खुर्ची रिकामी का आहे याची चौकशी करत नाही.

नाव नसणं आणि पत्ता नसणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे ज्याला कळलं त्याचं नाव महाराष्ट्र शासन. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, हा बिनलेखकाच्या साहित्याचा आदर्श नमुना समजावा. वर चार ओळींचा विषय. त्याखाली आधीच्या निर्णयांची क्रमवार यादी. म्हणजे आपण शेवटी देतो ती संदर्भसूची सरकार सुरुवातीलाच देऊन मोकळं होतं. मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने एखाद्या उपसचिवाची सही. मसुदा कुणी लिहिला? बहुधा कक्ष अधिकाऱ्याने. सुधारला कुणी? ते नस्तीलाच ठाऊक. मंजूर केला मंत्र्यांनी, नाव राज्यपालांचं, सही उपसचिवांची, आणि संदर्भसूचीत लेखक म्हणून विभाग. लेखकत्वाचा हा एकत्र कुटुंबाचा कारभार आहे, सगळे कर्ते आणि कुणीच कर्ता नाही. पण गंमत अशी की, जीआर शोधताना कुणाचंच अडत नाही. विभाग, क्रमांक, तारीख आणि वर लांबलचक संकेतांक एवढ्यावर तो कुठल्याही तालुक्याच्या गावी पडद्यावर उघडतो. प्रती कुणाकुणाला गेल्या तेही खाली लिहिलेलं असतं, अगदी निवडनस्तीपर्यंत. सरकारी कागदाला बाप नसला तरी रेशनकार्ड असतं. संदर्भाचं मूळ काम हेच आहे, की वाचणाऱ्याला मुळापर्यंत पोचता यावं.

ज्याचं नाव छापलेलं नाही त्याच्यापर्यंत पोचायचं मनात असलं तर माणूस कसा पोचतो, याचंही उत्तम उदाहरण आपल्याकडे आहे. 'केसरी'चे अग्रलेख बिनसहीचे असत. १२ मे १९०८ चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' यांच्याखाली लेखकाचं नाव नव्हतं. एपीएच्या हिशेबाने या लेखांचा लेखक नाही, शीर्षक पुढे घ्यावं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी मात्र शीर्षकाला काळ्या पाण्यावर पाठवलं नाही. संपादक टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं होतं, ते ग्रंथपालांच्या सोयीसाठी असेलही. पण पोलिसांचीही सोय पाहिली गेली होती, यात शंका नाही. यातून निघणारा निष्कर्ष संशोधकाला फारसा भूषणावह नाही. संदर्भ द्यायचा असला की शीर्षक पुढे येतं, शिक्षा द्यायची असली की माणूस पुढे येतो. म्हणजे कर्ता सापडत नाही ही अडचण पुष्कळदा शोधणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते.

याउलट, नाव असलं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही, हे मराठी माणसाला एपीए जन्मायच्या कितीतरी शतकं आधी माहीत होतं. आपल्या संतांनी संदर्भ देण्याची सोय कवितेतच करून ठेवली. शेवटच्या चरणात नाममुद्रा घातली की तळटीप लागतच नाही. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे', झालं काम. पण सोय झाली की गैरसोयही मागोमाग येते. ज्याला आपला अभंग टिकावा असं वाटलं त्याने खुशाल तुकोबांची मुद्रा घातली, आणि नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या, त्या निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या थकल्या. म्हणजे एका बाजूला नाव नसलेला लेखक, दुसऱ्या बाजूला एकाच नावाचे अनेक लेखक. त्यातून वाट काढायची तर करायचं काय, हे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दाखवलं. उत्तर कोकणाच्या किनाऱ्याचा इतिहास सांगणारी 'महिकावतीची बखर' त्यांनी १९२४ मध्ये छापली, तेव्हा ती एका माणसाची एकसंध बखर समजून ते गप्प बसले नाहीत. कुठला भाग कोणत्या काळाचा, कुठल्या हाताचा हे त्यांनी वेगळं केलं आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या भागाशी केशवाचार्यांचं नाव जोडून दाखवलं. राजवाड्यांचे निष्कर्ष पुढे कुणी मानले, कुणी मानले नाहीत. पण 'अज्ञात' लिहिण्याआधी एवढी झटापट करायची असते, ही रीत त्यांनी घालून दिली.

ही झाली कागदाची गोष्ट. खरी परीक्षा भिंतीपाशी होते. समजा, एखादी संशोधक विद्यार्थिनी वारली चित्रांवर प्रबंध लिहिते आहे आणि डहाणूला उतरून मसोलीच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर लग्नघरी गेली आहे. आतल्या काळोख्या खोलीत, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आहेत. मधोमध पालघट देवी. भोवती नक्षीच्या पट्ट्या. कुठे सूर्य-चंद्र, कुठे फणी, कुठे शिडी, कुठे बाशिंग. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. जवळच धवलेरी गाते आहे, कारण तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही आणि चौकावाचूनही लागत नाही. आता या भिंतीचा संदर्भ द्यायचा आहे. लेखक? चारजणी लिहितायत, एकीने हात काढला की दुसरी सुरू करते. शीर्षक? चौकाला कुणी नाव देत नाही, देवाला असतं. प्रकाशक? नवऱ्या मुलीचा बाप, कारण खर्च त्याचा. आवृत्ती? पहिली आणि शेवटची, कारण पुढच्या सारवणात ती जाणार. पृष्ठसंख्या? एक भिंत. संग्रहालय, शहर? घर, पाडा. नियमपुस्तकातला चित्रकृतीचा साचा इथे रकान्यामागून रकाना रिकामा ठेवत जातो आणि शेवटी हाती उरतं ते चौकटी कंसातलं '[भिंतीवरील चित्र]'. एका लग्नाला लागणारा देव, चार बायकांचा हात आणि धवलेरीचा गळा, सगळं त्या कंसात.

पण त्याच खोलीत उभं राहून बघा. तिथे अज्ञात असं कोण आहे? चौक लिहिणाऱ्या चौघी एकमेकींना जन्मापासून ओळखतात. कुणाचा हात हलका, कुणाची रेघ थरथरते, हे सगळ्या पाड्याला माहीत असतं. धवलेरी कोण हे तर आमंत्रण देतानाच ठरतं. तिला कुणी 'अज्ञात' म्हणून बोलावणं पाठवत नाही. त्या खोलीत ज्याची ओळख पटवावी लागते असा एकच माणूस आहे, आणि त्याच्या हातात वही आहे. अशा परिस्थितीत वहीवाल्याने भिंतीवाल्यांना अज्ञात ठरवावं, यातला विनोद विद्यापीठांना अजून नीटसा कळलेला नाही.

वारली कलेचा अलीकडचा इतिहास हेच सांगतो. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी मधुबनीच्या बायकांची भिंतीवरची चित्रं कागदावर आणण्याचं काम त्यांनी बिहारात केलं होतं. इथेही कागद आणि रंग पुढे आले, आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे चित्रं काढू लागले. तीही लग्नाच्या निमित्तावाचून, रोज, हौसेने. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. मशे थोर कलावंत होते, त्यांचं नाव झालं ते हक्काने झालं, त्यात वाद नाही. संदर्भशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. तोवर जी परंपरा पुस्तकात 'अनामिक' होती तिला कागद मिळाल्याबरोबर कर्ता सापडला. त्रिकोण तेच, तारपा तोच, माणसं तशीच फेर धरून नाचणारी. बदललं ते एवढंच की भिंत गावात राहिली आणि कागद मुंबईला, दिल्लीला, परदेशात गेला. जे घराबाहेर गेलं त्याला नाव लागलं, जे घरात राहिलं ते अनामिक राहिलं. आणि घरात राहिलेल्या बहुतेक बायका होत्या, हा योगायोग समजायला फारच मोठं भाबडेपण लागेल.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, परंपरेला कर्ता शोधणं हीच मुळात चूक आहे. चौक कुणा एकीचा नसतो, गाणं कुणा एकीचं नसतं; सामूहिक वस्तूवर एका माणसाची पाटी लावणं म्हणजे शहरी मालकीहक्काचं खूळ पाड्यावर नेणं. आक्षेप खरा आहे, पण तो 'अज्ञात' या नोंदीच्या विरुद्ध जातो, बाजूने नाही. समूह हा काही अज्ञात नव्हे. समूहाला नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. हे कायद्याला कळलं आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. तिथे कर्ता कोण हे न विचारता कुठली, कुणाची, एवढं विचारतात. डहाणू तालुक्यातल्या 'डहाणू घोलवड चिकू'लाही तसंच मानांकन आहे. चिकूला लेखक नाही, तरी त्याला पत्ता आहे. आणि ज्या प्रबंधात घोलवडच्या चिकूचा उल्लेख गावासकट येतो, त्याच प्रबंधात शेजारच्या पाड्यावरचं गाणं 'एक आदिवासी लोकगीत' म्हणून येतं, तेव्हा फळाला मिळालेला मान माणसाला मिळालेला नाही एवढं सांगून थांबावं लागतं.

शिवाय 'कर्ता नाही' आणि 'सांगणारा नाही' यांत फरक आहे, आणि तो किती सहज पाळता येतो हे मराठीतच एका मोठ्या कामाने दाखवून दिलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. त्या संग्रहात लाखभर ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या. ओवी ही जगातली सगळ्यात बेवारस रचना. सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे जाते आणि प्रत्येकीच्या तोंडी थोडी बदलते. तरीही त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ही ओवी हिने रचली असा दावा कुणी करत नाही. ही ओवी हिने गायली, इथे गायली, एवढंच म्हटलं आहे. तेवढ्याने ओवीचं सामूहिकपण कमी झालं नाही आणि बाईचं माणूसपणही शाबूत राहिलं. त्याआधीच्या कित्येक संग्रहांची रीत अशी होती की, गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आणि गाणारीचं कुठेच नाही. त्या संग्राहकांनी पायपीट केली नसती तर गाणीही राहिली नसती, हे मान्य. पण पायपीट केलेल्या माणसाला उंबऱ्यापाशी बसून आणखी एक प्रश्न विचारणं जड जायला नको होतं.

दुसरा आक्षेप विद्यापीठाचा. तोंडी सांगणं तपासता येत नाही, म्हणून ते संदर्भसूचीत बसत नाही. एपीएचा साधारण नियमही असाच आहे. तोंडी बोलणं म्हणजे 'वैयक्तिक संवाद', त्याचा उल्लेख मजकुरात करा, सूचीत नको, कारण वाचकाला ते पुन्हा मिळणार नाही. हा नियम ऐकायला शिस्तीचा वाटतो. पण डहाणू-तलासरीत तो ऐकताना थोडं हसू येतं, कारण इथल्या माणसांच्या जमिनीच्या फैसल्यात असंच तोंडी सांगणं पुरावा ठरू शकतं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. त्यात गॅझेटियर आहे, जनगणना आहे, नकाशे आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनही आहे. म्हणजे पाड्यावरच्या म्हाताऱ्याचा शब्द सरकार जंगलजमिनीच्या हक्काचा एक पुरावा म्हणून मानायला तयार आहे; मात्र त्याच म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट प्रबंधाच्या शेवटच्या पानावर यायला लायक नाही. जमिनीपेक्षा संदर्भसूची मौल्यवान असते, हा शोध विद्यापीठाबाहेर अजून कुणाला लागलेला नाही.

बरं, कागदावरची शिस्त तरी निर्दोष आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, साठ टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द, मधल्या पायऱ्या वेगळ्या. सर्वसामान्य माहिती आणि योगायोगाने जुळणारे शब्द सलग चौदापर्यंत असतील तर मोजायचे नाहीत, अशीही सवलत आहे. आता जात्यावरच्या पुष्कळशा ओव्या चौदा शब्दांत आटोपतात. म्हणजे कुणा बाईची ओवी नावाशिवाय उचलली तर साम्य तपासणाऱ्या यंत्राला ती योगायोग वाटायला हरकत नाही. आणि ती कुठे छापलेलीच नसेल तर यंत्राला काहीच वाटणार नाही. हे यंत्र छापलेल्याचीच राखण करतं. ज्याच्या शब्दांची चोरी पकडणं सगळ्यात अवघड, त्याचंच नाव लिहिण्याची सक्ती सगळ्यात कमी, अशी ही व्यवस्था आहे. यावर उपाय नाही असंही नाही. कॅनडात नॉरक्वेस्ट कॉलेजच्या ग्रंथपाल लोरिशिया मॅक्लाउड यांनी तिथल्या मूलनिवासी वडीलधाऱ्यांचा संदर्भ कसा द्यावा याचे साचे केले. त्यांत नाव, जमात, राहण्याचं ठिकाण, विषय, तारीख, आणि जागा थेट संदर्भसूचीत, पुस्तकांच्या रांगेत. एपीएनेही सातव्या आवृत्तीत मौखिक परंपरेसाठी जास्तीची माहिती द्यायला सांगितलं. तेव्हा नियम आड येतो ही सबब आता चालण्यासारखी नाही.

तिसरा आक्षेप मात्र आदराने ऐकला पाहिजे. सगळ्यांचीच नावं लिहावीत का? वेठबिगारीच्या विरुद्ध १९४५ साली तलासरीतल्या झरी गावात वारली जमले, आणि त्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली. अशा मुलखात सावकाराविरुद्ध, ठेकेदाराविरुद्ध किंवा वनखात्याविरुद्ध बोलणाऱ्याचं नाव छापणं म्हणजे त्याचा पत्ता देण्यासारखं आहे, आणि तोही चुकीच्या माणसाला. तिथे नाव झाकणं हे संशोधकाचं कर्तव्यच ठरतं. पण झाकलेलं नाव आणि न विचारलेलं नाव यांची एका रकान्यात सरमिसळ करू नये. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातले गॉसेट १९०८ साली संख्याशास्त्रावर लिहिताना 'स्टुडंट' या नावाने लिहीत, कारण कारखान्याला आपल्या माणसांची नावं बाहेर नको होती. जगभरचे विद्यार्थी आजही स्टुडंटची कसोटी लावतात, ती खरं तर एका दारूच्या कारखान्यातल्या माणसाची. आपल्याकडे 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावाने कितीतरी साहित्यिकांची टोपी उडाली. हातोडा जयवंत दळवींचा होता. इथे नाव लपवण्याचा निर्णय लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या मालकाचा होता. कायद्यालाही हा फरक समजतो. नाव असलेल्या लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, बिननावाच्या कृतीचा प्रकाशनानंतर साठ वर्षं. मरण कधी आलं हे कळत नाही, म्हणून छापल्याच्या सालापासून मोजतात. पण लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बाईने आपलं नाव लपवलं नव्हतं. ते कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि छापू नका म्हणाली असती तर तेही लिहिण्यासारखं होतं.

म्हणून 'अज्ञात' या एका शब्दाची तीन निराळ्या नोंदींत वाटणी करावी. जिथे काळाच्या ओघात नाव खरंच हरवलं तिथे, शोध कुठवर घेतला ते सांगून, 'नाव हरवले' असं लिहावं. जिथे सांगणाऱ्याने नको म्हटलं तिथे 'नाव राखून ठेवले'. आणि उरलेल्या ठिकाणी, म्हणजे बहुतेक ठिकाणी, छातीठोकपणे 'विचारले नाही' असं लिहावं. ही तिसरी नोंद तोंडी परीक्षेत फार उपयोगी पडेल. आज परीक्षक 'अज्ञात' वाचून मान डोलावतात, कारण त्यात कुणाचा दोष दिसत नाही. 'विचारले नाही' वाचल्यावर ते मान वर करून बघतील आणि पहिलाच प्रश्न 'का?' असा येईल. त्याचं उत्तर तयार करण्यापेक्षा पाड्यावर परत जाऊन नाव विचारणं सोपं, हे हुशार विद्यार्थ्याला पंधरा मिनिटांत कळेल.

शेवटचा आक्षेप जागेचा. सूचीत एवढं सगळं कुठे मावणार, असं मार्गदर्शक म्हणतात. तर मापून पाहा. धवलेरीचं नाव तिच्या परवानगीने, मसोली, तालुका डहाणू, जिल्हा पालघर; लग्नाचं गाणं; अमुक तारखेला ऐकून टिपलं, टिपणाऱ्याचं नाव. १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं टिपण असेल तर जिल्हा ठाणे लिहावा, कारण पालघर त्या दिवशी वेगळा झाला. भिंत हलली नाही, पत्ता हलला. एवढी नोंद दीड ओळीत बसते. संकेतस्थळाचा तिरक्या रेघांनी, टक्क्यांच्या चिन्हांनी आणि आकड्यांनी भरलेला तीन ओळींचा पत्ता आपले विद्यार्थी एक टिंब न चुकवता उतरवतात, वर ते पान कुठल्या दिवशी पाहिलं तेही लिहितात. त्यांना गावाचं, पाड्याचं आणि बाईचं नाव लिहिण्याचं तंत्र वेगळं शिकवायला नको. ते नाव लिहिलं नाही तर प्रबंध परत येईल, एवढी भीती घातली की पुरे.